किलोचे लिटर करताना डेन्सिटी कुठली घ्यायची?

प्रश्न: नमस्कार सर, माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनच्या टेस्ट रिपोर्टमध्ये फुल लोडला फ्युएल फ्लो 18 किलो पर अवर दिलाय. पण पंपाच्या कॅटलॉगमध्ये सगळं लिटर पर अवरमध्ये आहे आणि इंजेक्टरचं रेटिंग सीसी पर मिनिटमध्ये. एक मित्र म्हणतो 0.75 ने गुण, दुसरा म्हणतो भाग. डेन्सिटी, म्हणजे एका लिटरचं वजन किती किलो, ती पण जो तो वेगळीच सांगतो. नक्की काय करू?

उत्तर: भागायचं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणजे एक किलो पेट्रोलला एक लिटरपेक्षा जास्त जागा लागणार, त्यामुळे लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा मोठाच यायला हवा. गुणलंत तर साडेतेरा येतात, आणि तेवढ्याचा पंप बसवला तर फुल लोडला इंजिन लीन होऊन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडून, पिस्टन जाऊ शकतो. एवढं एक चेक केलं तरी निम्म्या चुका तिथेच पकडल्या जातात.

आता तुमचा हिशोब. 18 किलो पर अवर म्हणजे मिनिटाला 300 ग्रॅम. डेन्सिटी 0.745 धरली तर 300 भागिले 0.745, म्हणजे साधारण 403 सीसी पर मिनिट, तासाला 24.2 लिटर. चार इंजेक्टरमध्ये वाटलं तर प्रत्येकी 101 सीसी, पण इंजेक्टर कायम उघडा ठेवून चालत नाही, 80 टक्के ड्युटी, म्हणजे 80 टक्के वेळ उघडा, धरली तर प्रत्येकी 126 सीसीचा तरी हवा. पंप मात्र नेमका 24 चा घेऊ नका. कॅटलॉगमधला आकडा कुठल्या प्रेशरला आणि किती व्होल्टला आहे ते बघा आणि वर मार्जिन ठेवा.

डेन्सिटी जो तो वेगळी सांगतो कारण तिला एकच आकडा नसतो. युरोपियन स्टँडर्डमध्ये पेट्रोलला 15 डिग्रीला 0.720 ते 0.775 एवढी रेंज मान्य आहे, म्हणजे वेगवेगळे आकडे सांगणारेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. त्यात तापमान आलं. पेट्रोल दर डिग्रीला अंदाजे 0.1 टक्का फुगतं, म्हणजे 15 डिग्रीला 0.745 असलेलं पेट्रोल गरम इंजिनजवळच्या लाइनमध्ये 45 डिग्रीला गेलं की 0.722 च्या आसपास येतं आणि तुमचे 24.2 लिटर होतात 24.9. इंजिनला काहीच फरक पडलेला नसतो, ते तेवढेच किलो जाळतंय, कारण हवा आणि इंधनाचं गणित वजनावर चालतं. पंप मात्र जागा मोजून ढकलतो, म्हणून त्याला जास्त लिटर ढकलावे लागतात.

इंजेक्टरच्या पाउंड पर अवरला 10.5 ने गुणून सीसी काढायची जी पद्धत सगळे वापरतात ना, ती 0.72 डेन्सिटी धरूनच बनलीय. 0.745 ला तोच गुणक 10.15 होतो. बऱ्याचदा इंजेक्टरची टेस्ट पेट्रोलवर नाही तर एन-हेप्टेन नावाच्या शुद्ध द्रवावर घेतात, त्याची डेन्सिटी 0.684, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कुठलं फ्लुइड आणि किती प्रेशर ते विचारा.

हे किलो-लिटर प्रकरण किती महागात पडतं ते बघायचं असेल तर जुलै 1983 चं एअर कॅनडाचं बोइंग 767 बघा. टाकीत 7,682 लिटर इंधन होतं आणि एकूण 22,300 किलो हवं होतं. हिशोबात 1.77 हा आकडा वापरला, जो पाउंड पर लिटरचा होता, किलोचा हवा होता 0.803. आणखी लागत होतं साधारण 20,088 लिटर आणि भरलं 4,916. हवेत दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटने विमान ग्लाइड करत गिमलीच्या जुन्या एअरबेसवर उतरवलं आणि सगळे वाचले. माझं कळकळीचं सांगणं आहे, आकड्याच्या शेजारी युनिट लिहा आणि डेन्सिटीच्या शेजारी तापमान.

प्रश्न: डिझेल जनरेटरला सप्लाय लाइनवर एक आणि रिटर्न लाइनवर एक असे दोन फ्लोमीटर बसवलेत. 120 वजा 100, म्हणजे तासाला 20 लिटर खप दिसतो, पण टाकीतून प्रत्यक्षात जास्त जातंय. मीटर खराब आहेत का?

उत्तर: मीटर बदलायच्या आधी रिटर्न लाइनला, म्हणजे न जळलेलं डिझेल इंजिनकडून परत येतं त्या पाइपला, हात लावून बघा, जपून, चांगलीच तापलेली असेल. समजा सप्लाय 40 डिग्रीला आहे आणि रिटर्न 70 ला. डिझेल 15 डिग्रीला 0.835 असेल तर 40 ला साधारण 0.818 आणि 70 ला 0.797 होतं. आता वजनात करा, 120 गुणिले 0.818 म्हणजे 98.2 किलो गेलं, 100 गुणिले 0.797 म्हणजे 79.7 किलो परत आलं, खप झाला 18.5 किलो. तुम्ही थेट 20 लिटर धरून 0.818 ने गुणलंत तर 16.4 च येतात. डेन्सिटीत फरक जेमतेम अडीच टक्के, पण दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी असल्यामुळे खपात अकरा टक्क्यांची चूक निघते. दोन्ही मीटरजवळ टेम्परेचर सेन्सर लावा, आधी दोन्हीकडचे किलो काढा आणि मगच वजाबाकी करा. बजेट असेल तर कोरिऑलिस मीटर घ्या, तो थेट वजनच मोजतो.

डेन्सिटी स्वतः मोजायची असेल तर उंच काचेच्या जारमध्ये डिझेल घ्या, बुडबुडे जाऊ द्या, हायड्रोमीटर (डेन्सिटी दाखवणारी तरंगती काचेची नळी) हळूच सोडा आणि जारला न टेकता तरंगू द्या. रीडिंग डोळ्याच्या लेव्हलला घ्यायचं, दांडीला चिकटून वर चढलेलं डिझेल सोडून सपाट पृष्ठभागाशी, आणि त्याच क्षणी थर्मामीटरही वाचायचा.

प्रश्न: सीएनजीला पण हेच चालेल का?

उत्तर: भागाकार तोच, पण गॅसची डेन्सिटी प्रेशरवर प्रचंड बदलते. शुद्ध मिथेन वातावरणाच्या दाबाला 0 डिग्रीवर 0.717 किलो पर घनमीटर असतो आणि 15 डिग्रीवर 0.68, म्हणजे तासाला 10 किलो गॅस एका हिशोबाने 13.9 घनमीटर आणि दुसऱ्याने 14.7. नॉर्मल घनमीटर म्हटलं की बहुतेक वेळा 0 डिग्री असतं, स्टँडर्ड म्हटलं की बऱ्याचदा 15, पण सगळे हे पाळत नाहीत, त्यामुळे मीटरच्या डेटाशीटवर तापमान आणि दाब दोन्ही लिहिलेले नसतील तर तो आकडा वापरू नका.