थकलेले पैसे आणि तीन वर्षांची मुदत

बेळगावातल्या शहापूरहून एका ताईंनी विचारलंय. त्या पार्लरमध्ये, सराफांच्या दुकानात जाऊन नाक-कान टोचतात, बेंबी-भुवईचं पिअर्सिंगही करतात. गिऱ्हाईक पैसे दुकानात देतं, ताईंना हिशेबानं मिळतात. निपाणीच्या पार्लरकडे 38,000 रुपये अडकलेत, चंदगडच्या सराफाकडे 14,000. काम होऊन अडीच वर्षं झाली. पार्लरवालीनं मध्यंतरी दोन हजार रोख दिले, बाकीचे 'गणपतीनंतर'. कागद एकही नाही, फक्त ताईंची वही. शिंपी, मेहंदीवाल्या, वायरमन यांचीही अशीच पत्रं येतात.

ताई, पैसे तुमचेच आहेत, त्यावर वेळ घालवत नाही. सगळं अडलंय तारखेवर. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर 1963 च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद 18 प्रमाणे काम झाल्या दिवसापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. प्रत्येक कामाची मुदत वेगळी मोजतात, म्हणजे तुमच्या वहीतली सर्वांत जुनी पानं आधी बाद होणार. गणपतीचा वायदा ती थांबवत नाही, वकिलाची नोटीसही नाही. आणि उशीर माफ करा हा अर्ज दाव्याला चालतच नाही.

त्या दोन हजारांनी मुदत नव्यानं सुरू झाली असती. पण त्याच कायद्याच्या कलम 19 ला देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची नोंद लागते. रोख घेताना दोन ओळी लिहून घ्यायला काय हरकत होती? अडीच वर्षं संकोचात घालवलीत, याचा मला खरंच राग येतो.

आता मुदत संपायच्या आत पार्लरवालीकडून चिठ्ठी घ्या: 'अमुक रक्कम देणे बाकी आहे', तारीख, सही. त्याच कायद्याच्या कलम 18 खाली (हे वरच्या अनुच्छेद 18 पेक्षा वेगळं) तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. मराठीत चालेल, कोर्टात भाषांतर जोडावं लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवरची कबुली जपून ठेवा, पण सहीच्या जागी ती धरतील याची खात्री मी देणार नाही. चेक दिलाच आणि परत आला, तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेलीच पाहिजे.

सही देत नसेल तर थांबू नका, निपाणीत दावा लावा. बाईमाणसाला विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत. तिथं लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, कोर्ट फीही नाही. मात्र तारखा पडत राहिल्या तर मुदत तुमच्यासाठी थांबेल असं धरून चालू नका.

सराफाचं काम चंदगडात झालं, म्हणून त्याचा दावा साधारण महाराष्ट्रातच लागेल. पैसे बेळगावात पोचवायचे ठरलं होतं असं दाखवता आलं, तर कदाचित इथंही. ते वही बघून वकील सांगेल. आधी सर्वांत जुनी तारीख काढा आणि याच आठवड्यात समितीच्या ऑफिसात जा.