मंडईचा कचरा आणि द्राक्षाचा चोथा वापरून गांडूळखत विकायचं आहे, परवाना लागतो का?

तुम्ही मिरजेतल्या मंडईचा भाजीपाला आणि द्राक्षाचा चोथा गोळा करून गांडूळखताच्या पिशव्या विकणार आहात, त्याला परवाना लागतो का असं विचारलंय. लागतो. तासगाव तालुक्यात आमच्या बचत गटानं गांडूळखताचे 8 बेड घातले तेव्हा हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वतःच्या रानात टाकायला खत केलंत तर कुणी विचारणार नाही. पिशवीवर ‘गांडूळखत’ छापून ती विकायला ठेवली की तुम्ही खत उत्पादक. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात 2006 साली सेंद्रिय खतं घातली गेली, आणि हा आदेश जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा आहे. युरियाच्या कारखान्याला जो कायदा, तोच चार बायकांच्या शेडला. कृषी खात्याचा उत्पादन परवाना हवा, आणि निरीक्षकानं नेलेला नमुना अप्रमाणित निघाला तर खटलासुद्धा होऊ शकतो.

खरी अडचण परवान्याच्या कागदांत नाही, ओलाव्यात आहे. या आदेशात गांडूळखताचा जो दर्जा ठरवलाय, त्यात ओलावा 15 ते 25 टक्के हवा, सेंद्रिय कर्ब (म्हणजे कुजलेल्या पाल्याशेणातला कार्बन) किमान 18 टक्के. कर्ब आरामात बसतो. पण गांडुळांना जगायलाच बेडमध्ये साठ-सत्तर टक्के ओल लागते, आणि चाळून काढलेल्या ताज्या खतात चाळीस-पंचेचाळीस टक्के तरी राहते. आमचा पहिला नमुना इथंच नापास झाला. आता सावलीत पातळ पसरून वाळवतो. हिशेब करून बघा: 45 टक्के ओलाव्याचं 100 किलो खत 25 टक्क्यांवर आणलं की 73 किलो उरतं. शिवाय वाळवताना गांडुळांची अंडी मरतात, जिवाणू कमी होतात. शेतकरी मात्र मूठभर हातात घेऊन दाबून बघतो आणि ओलसरच मागतो! खताच्या भावात पाणी विकलं जाऊ नये, हे मला पटतं. पण मग अन्नद्रव्यं कोरड्या वजनावर मोजून तेवढं पिशवीवर छापायची सक्ती करा, जिवंत खत मारायला कशाला लावता? हे बदलायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात वाळवलेलं खत पुन्हा ओल धरतं. आतून प्लास्टिक असलेली पिशवीच घ्या.

मंडईचा माल उचलायला बाजार समितीची किंवा महापालिकेची लेखी परवानगी घ्या, आणि गाळ्यावरून वेगळा काढलेला पालाच घ्या. झाडलोटीच्या ढिगात बॅटरीचे सेल, रंगीत कागद, काचा असतात, अशा कचऱ्यातून खतात शिसं येऊ शकतं, आणि शिशाची मर्यादा किलोला 100 मिलिग्रॅम आहे. एकदा मिसळलेलं निवडून काढता येत नाही.

चोथा थेट बेडवर टाकू नका, आंबट असतो. शेणात मिसळून पंधरा-वीस दिवस कुजवा, मग गांडुळं सोडा. त्याच चोथ्यातून कुणी स्पिरिट काढायचं सुचवलं तर तो 1949 च्या दारूबंदी कायद्याचा, राज्य उत्पादन शुल्क खात्याचा विषय आहे, त्यात पडू नका.

पहिली पायरी म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा. आणि वाळवलेल्या खताचा नमुना प्रयोगशाळेत पास झाल्याशिवाय पिशव्या छापू नका. आमच्या दोन हजार छापील पिशव्या अजून शेडमध्ये पडून आहेत.