पोराला आधी जमिनीवर सोडा

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून चोपड्याच्या एका लेकीचं पत्र आलंय. पत्र लांबलचक, प्रश्न चार, पण माझं लक्ष अडकलं ते एकातच. बाकीचे शेवटी उरकते, रागावू नका.

त्या लिहितात, "बाळ अकरा महिन्यांचा झाला तरी रांगत नाही. बुडावर बसतो, एक पाय दुमडतो आणि सरकत जातो. भुसावळच्या नणंदेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला, ते व्हिडिओ कॉलवर रोज बघावं लागतं. सासूबाई रोज विचारतात, 'काय व माय, आंडोर आजून चालस नई का?' पुढच्या महिन्यात त्या येणार आहेत, येताना वॉकर आणते म्हणतात. आणू देऊ का? इकडे कुठेच मिळत नाही."

मिळत नाही कारण कॅनडानं २००४ सालीच त्यावर बंदी घातली. विकायचा नाही, जाहिरात करायची नाही, जुना दुसऱ्याला द्यायचा नाही आणि बाहेरून आणायचाही नाही. सासूबाईंनी बॅगेत कपड्यांखाली घालून आणला तरी ते आणणंच झालं. चाकाच्या गोल चौकटीत बसवलेलं पोर सेकंदाला मीटरभर पळतं. तुम्ही ओट्यावरून वळेपर्यंत ते तळघराच्या जिन्याशी पोचलेलं असतं, आणि तुमच्याकडे प्रत्येक घराला तळघर आणि प्रत्येक तळघराला जिना. अमेरिकेत बंदी नाही, पण तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना कित्येक वर्षं बंदी मागतेय. तिथे एडिसनला मी लहान मुलांची फिजिओ म्हणून काम करायचे तेव्हा आपल्या माणसांच्या घरी वॉकर दिसला की मी चहा घ्यायच्या आधी तो उचलून बाहेर ठेवायचे. यजमानांना राग यायचा, येऊ दे.

बरं, वॉकरनं पोर लवकर चालतं म्हणावं तर तेही नाही. त्यात बसल्यावर त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, ते चवड्यांनी ढकलतं, तोल सांभाळायचं काम चौकट करते. चालणं म्हणजे तोल, आणि तोच शिकायचा राहून जातो. उलट उशीर होऊ शकतो. केळीचा घड वखारीत पिकवता येतो, पोराचे पाय नाही.

आता तुमचं अकरा महिन्यांचं गणित. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या मुलांच्या रांगण्या-चालण्याच्या नोंदी करून २००६ साली आकडे काढले. त्यात अमेरिका, नॉर्वे, घाना, ओमान होते आणि आपली दिल्लीही होती. म्हणजे "ते गोऱ्यांच्या पोरांचं" म्हणायची सोय नाही. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही. हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत. आणि शंभरातली चारेक मुलं असं रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं तर २०२२ मध्ये आपल्या टप्प्यांच्या यादीतून रांगणं काढूनच टाकलं. भुसावळचा दहाव्या महिन्यात चालला, छान झालं. तुमचा पंधराव्यात चालला तरी तेवढंच छान. शाळेच्या दाखल्यावर हे कुणी लिहीत नाही.

आणखी एक. पत्राच्या तिसऱ्या पानावर, दातांच्या चौकशीत, एका ओळीत तुम्ही सांगता की बाळ पाच आठवडे आधी झाला. अहो ताई, हे पहिल्या ओळीत नको होतं का? लवकर जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. म्हणजे तुमचा लेक अजून दहा महिन्यांचाही नाही. सासूबाईंना हे सांगितलंत का? नसेल. आपल्याकडे सासूला असं काही सांगणं म्हणजे सबब वाटते. सांगा.

बुडावर सरकणारी मुलं बहुधा उशिरा चालतात, आणि हे पुष्कळदा घराण्यात असतं. माझे धाकटे दीर असेच सरकायचे. सासूबाई सांगायच्या, शेणानं सारवलेल्या जमिनीवर चड्डीचा मागचा भाग आठवड्यात विरायचा. दीड वर्षांचे झाल्यावर चालले. पुढे अमळनेर ते सप्तशृंगी पायी जाणाऱ्यांत ते सगळ्यांच्या पुढे असायचे. तुमच्या सासूबाईंनाच विचारा, तुमचे मिस्टर कसे सरकायचे. मला उत्तराचा अंदाज आहे.

फक्त एवढं बघून घ्या. सरकताना कायम एकच पाय दुमडतो की कधी हा, कधी तो? दोन्ही हातांनी वस्तू उचलतो ना? एकच बाजू वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार लुळं वाटत असेल, नऊ महिने होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिने होऊनही चालत नसेल, तर डॉक्टर. आणि एखादी गोष्ट येत होती ती यायची बंद झाली, तर वय काही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर.

आता खरं दुखणं. तुम्ही बाळाचा दिवस लिहून पाठवलात, बरं केलंत. "सकाळी हाय चेअर, मग बाउन्सर, मोठीला शाळेत सोडताना कार सीट, दुपारी स्ट्रोलर, संध्याकाळी प्लेपेन." वाचता वाचता मी शोधत होते, या पोराचं बूड जमिनीला लागतं कधी? एका पट्ट्यातून सोडायचं, दुसऱ्यात अडकवायचं. मान आधी सावरते, मग धड, मग कंबर, शेवटी पाय. वाढ अशी डोक्याकडून खाली उतरते, आणि उतरायला तिला जमीन लागते. बाळाला पाठीवर झोपवा असं डॉक्टर नव्वदच्या दशकापासून सांगतात, ते योग्यच, झोपवताना पाठीवरच. पण जागेपणी पालथं घालायचं, हा त्याच सल्ल्याचा दुसरा अर्धा भाग आपल्या घरांतून गळून गेलाय.

तुम्ही म्हणाल, माई, तुमचं बरंय, गावाकडे पोरं मातीत वाढतात. कसली माती! मी अमळनेरला परत आले तर इथंही टाइल्स आणि सोफा. भाच्याची पोरगी खाली ठेवली की चार हात पुढे, "थंड लागी जाई तिले." एकदा सगळ्यांना दम देऊन मी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सोडलं. आधी हात टेकले. मग डोकं पलीकडे घातलं आणि घाबरून मागे आली. मग आडवी झाली. मग एक गुडघा वर चढवला, तो घसरला. पुन्हा. तिची आई दोनदा उठली, दोनदा मी तिचा पदर धरून बसवली. शेवटी पोरगी पोटावर घसरत पलीकडे गेली आणि आमच्याकडे बघून हसलीसुद्धा नाही, सरळ कळण्याच्या भाकरीच्या टोपलीकडे निघाली. तेवढ्या वेळात तिनं जे शिकलं ते कुठल्याही खेळण्याच्या खोक्यात मिळत नाही.

तेव्हा तुम्ही एवढं करा. बाउन्सर आवरून ठेवा. कार सीट गाडीतच राहू दे, घरात आणून त्यात झोपवू नका. जिन्याला वर आणि खाली, दोन्हीकडे फाटक लावा. घरात मोजे काढा. अनवाणी पायाला जमीन कळते, मोजा घसरतो. आणि तो जाडजूड कापूस भरलेला अंगरखा घरात नको, गुडघा वाकतच नाही त्यात. सोफ्याच्या कडेला त्याचं आवडतं काहीतरी ठेवा, म्हणजे तो धरून उभा राहील, मग कडेकडेनं चालेल. हात धरून चालवायची घाई नको.

सासूबाईंना नातवासाठी काही आणायचंच असेल तर लाकडी पांगुळगाडा आणू देत, तीन चाकांचा. त्यात पोर बसत नाही. मागे उभं राहून दांडी धरतं, स्वतःच्या पायांवर स्वतःचं वजन घेतं. मात्र तो स्वतःहून धरून उभा राहायला लागल्यावर, त्याआधी नाही, आणि जिन्यापासून लांब.

उरलेले प्रश्न. दात: येतील. काहींना पहिला दात वर्षानंतर येतो. दीड वर्षापर्यंत एकही नाही आला तर दातांच्या डॉक्टरकडे जा.

"घरात मराठी, सासूबाईंची अहिराणी आणि बाहेर इंग्रजी, बाळाचा गोंधळ होईल का?" होत नाही. दोन-तीन भाषा ऐकल्यानं मूल मुकं राहत नाही. शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. माझ्या दोन्ही लेकी तिन्ही भाषांत भांडतात.

आणि मोठी. "अकरा वर्षांची आहे, दार लावून बसते, काही सांगत नाही." मुलींचं वयात येणं आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होतं, आणि छाती भरायला लागल्यापासून पाळी यायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. ती त्या वाटेवर आहे, दार लागणारच. पाळीचं तिला सांगून झालंय का, ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे झालेलं नसावं. या आठवड्यात सांगा. समोरासमोर बसवून नको, गाडी चालवताना सांगा, म्हणजे तिला तुमच्याकडे बघावं लागणार नाही. सासूबाई आल्यावर बाजूला बसण्याचा, देवाला न शिवण्याचा विषय निघेल. तुमच्या घरात ते पाळायचं नसेल, तर ते सासूबाईंशी मिस्टरांनी बोलायचं, त्यांची आई आहे. तेही त्या जळगावहून निघायच्या आधी, फोनवर.