नूडल्सचा लगदा का होतो?

प्रश्न : ताई, माझी मुलगी तैवानला शिकते. सुट्टीत येताना तिनं तांदळाच्या बारीक नूडल्सची पाकिटं आणली. दोनदा परतून पाहिल्या. पहिल्यांदा लगदा झाला, दुसऱ्यांदा भुगा. ती म्हणते, तिथं लांब आणि मोकळ्या मिळतात. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुम्ही त्या आधी उकळल्या असणार! मीही पहिल्या वर्षी तेच केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सहा वर्षं तैवानमधल्या सिंचूला होतो आणि या नूडल्सचं तेच माहेर. तिथं शरद ऋतूत असा वारा सुटतो की दोरीवरची चादर उडून जाते. त्याच वाऱ्यावर त्या वाळवतात. ‘तीन वाटे ऊन, सात वाटे वारा’ असं तिथले लोक म्हणतात. पण वाळवण्याआधी त्या वाफवलेल्या असतात. तुमच्याकडच्या शिरवळ्या वाफवून झाल्यावर कुणी परत उकळतं का? तसंच हे.

शेजारच्या आमांनी (आमा म्हणजे आजी) माझं पातेलं पाहून कपाळाला हात लावला होता. त्यांची रीत अशी. २०० ग्रॅम नूडल्स साध्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवायच्या, वाकायला लागल्या की निथळायच्या. चार-पाच सुके शिताके मशरूम वेगळे भिजवायचे आणि ते पाणी अजिबात ओतून द्यायचं नाही. कढईत जरा सढळ तेल घेऊन पाच-सहा सांबार कांदे उभे चिरून तांबूस करायचे. त्यावर भिजवून चिरलेले सोडे. आमा वाळवलेली कोळंबी घालायच्या, पण तुमच्या कोकणात सोड्यांना काय तोटा! घमघमाट सुटला की मशरूम, चिकनच्या किंवा पोर्कच्या पट्ट्या, गाजर, कोबी. मग दोन-तीन चमचे सोया सॉस, पांढरी मिरी पूड आणि मशरूमचं पाणी धरून दीड-दोन कप रस्सा.

रस्सा उकळला की मगच नूडल्स. नाव ‘परतलेल्या’ असलं तरी खरं काम रस्सा पिण्याचं आहे. आच मंद करून दोन मिनिटं झाकण. नंतर उलथणं बाजूला ठेवा, त्यानंच तुमचा भुगा झाला. दोन हातांत दोन चॉपस्टिक घेऊन नूडल्स उचलायच्या नि सोडायच्या, कढई कोरडी होईपर्यंत. चॉपस्टिक नसतील तर दोन काटे चालतात.

पाकिटही एकदा मुलीकडून वाचून घ्या. बऱ्याच पाकिटांत मक्याचा स्टार्च असतो. २०१४पासून तिथं निव्वळ तांदळाच्या असतील तरच नुसतं ‘मी-फेन’ (तांदळाच्या नूडल्सचं तिथलं नाव) असं छापता येतं. मक्याच्या चिवट असतात, थोडा धसमुसळेपणा सोसतात. निव्वळ तांदळाच्या लवकर तुटतात, त्यांना भिजायला वेळ कमी द्या. चव मात्र त्यांचीच, असं माझं मत. आमांना मक्याच्या आवडायच्या, त्यावरून आमची कायमची जुंपायची.

श्रावणात करायच्या असतील तर कांदा, सोडे, मांस वगळा, मशरूम दुप्पट घ्या. तिथले बौद्ध शाकाहारीही कांदा-लसूण खात नाहीत. लाल भोपळा किसून घातलात तर तैवानच्या पंगहू बेटांवरचा प्रकार होतो, रंग सुरेख येतो.

शेवटी तिथले लोक काळं व्हिनेगर चमचाभर घालतात. मिळालं नाही तर वूस्टर सॉस घाला, चव बरीच जवळ जाते. लिंबू मात्र पिळू नका.