'विसरलो' आणि 'लक्षात राहिलं नाही' : एकच का?

प्रश्न असा आलाय की "येताना भडंग आण म्हणून बायकोनं सांगितलेलं, मी रिकाम्या हातानं घरी. मी म्हणालो लक्षात राहिलं नाही, ती म्हणते सरळ विसरलो म्हण की. दोन्ही एकच ना?"

नाही हो, एकच नाही, आणि वहिनींचं बरोबर आहे. आपल्याकडे आठवायचं झालं की 'मला आठवतं', म्हणजे आठवण आपली आपण येते आणि आपण नुसते समोर बसलेले, पण विसरायची वेळ आली की 'मी विसरलो', तिथं मात्र कर्ता मी. (बाई असेल तर 'विसरले', क्रियापद सुद्धा माणूस बघून वळतं.) म्हणून तर चूक अंगावर घ्यायची नसली की माणूस 'माझ्या लक्षात राहिलं नाही' नाहीतर 'मला विसर पडला' असं बोलतो, त्यात मी कुठं काय केलं?

पण अर्थानं बघितलं तरी फरक आहेच. लक्षात राहायला आधी लक्ष जावं लागतं. पन्नासच्या नव्या नोटेच्या मागं कसलं चित्र आहे, न बघता सांगा बघू. मी सांगलीच्या स्टँडवर तीन मित्रांना विचारलं, एक लाल किल्ला म्हणाला, दोघं गप्प. हंपीचा रथ आहे तो. रोज खिशात असते नोट. अमेरिकेत १९७९ साली निकरसन आणि अ‍ॅडम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी असंच तिथल्या एक सेंटच्या नाण्याबद्दल विचारलेलं, जन्मभर वापरलेलं नाणं पण लोकांना धड काढता येईना. आता याला विसरणं कसं म्हणणार, ते आत गेलंच नव्हतं. इथं 'लक्षातच नाही' हेच बरोबर.

याच्या उलट 'आठवत नाही'. म्हणजे आत आहे पण बाहेर येईना. शाळेतल्या सरांचं आडनाव अगदी ओठावर असतं, 'क' वरनं आहे, तीन अक्षरी आहे, एवढं सगळं कळतं आणि नाव तेवढं येत नाही. १९६६ मध्ये ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अवघड शब्दांचे नुसते अर्थ वाचून दाखवले आणि शब्द ओळखायला लावले, तेव्हा अडकलेल्यांना पहिलं अक्षर बऱ्याचदा बरोबर सांगता यायचं. आमच्या आबांना औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येते का विचारलं तर "इसरलो बाबा सगळं" म्हणतात आणि कुणी "एक औट" म्हणून नुसती सुरुवात करून दिली की तीन चार पायऱ्या धडाधड म्हणून मोकळे. मग विसरले काय?

आता भडंग. ही तिसरीच भानगड आहे, कारण इथं मागचं काही आठवायचं नसतं, पुढं करायचं काम वेळेवर आठवायचं असतं. मानसशास्त्रात याचा वेगळा अभ्यास होतो, आणि आपल्याकडे त्याला आधीपासनं झकास शब्द आहे, 'आठवणीनं'. "आठवणीनं आण", "आठवणीनं फोन कर". मागच्या गोष्टीला तो चालतच नाही, 'मला लग्नातलं जेवण आठवणीनं आठवतं' असं कुणी म्हणेल का? या कामाला बाहेरची खूण लागते, दुकान दिसलं की आठवतं, दुसऱ्या रस्त्यानं आलात की गेलं. 'खूणगाठ' हा शब्द बघा, खूण पण आली आणि गाठ पण.

आज्जी खरंच पदराला गाठ मारायची. काहीतरी करायचं आहे एवढं गाठ सांगते, काय करायचं ते मात्र डोक्यातनंच यावं लागतं, ही दोन कामं वेगळी आहेत आणि दुसरं फसू शकतं. संध्याकाळी पदर चाचपत ती विचारायची, "गाठ हाय, पन कशाची मारली त्ये काय ध्यानात येईना." बघा, 'इसरले' नाही म्हणाली ती.