साईटवर नियम आहे, पण सापडत नाही

सरकारी नियम, जीआर, अधिसूचना लोकांना वाचता येतील अशा वेबसाईटी बनवणं हा माझा धंदा, रत्नागिरीत बसून करतो. या विषयावर बरेच प्रश्न साठलेत, त्यातले पाच आज घेतो.

प्रश्न (गुहागर): आमच्या तालुक्यातल्या ग्रामपंचायतींना लागणारे सगळे नियम एका साईटवर आणायचं चाललंय. मेनू खात्यावार ठेवावा की विषयवार? साहेब म्हणतात खात्यावारच.

साहेबांचं बरोबर आहे, पण साहेबांपुरतंच. त्यांना खाती पाठ असतात, लोकांना आपलं काम माहीत असतं. मी स्वतः ही चूक केलीय. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयासाठी साईट केली, डाव्या बाजूला खात्यांची लांबलचक यादी, मी खूश आणि तेही खूश. मग जेटीवर एका नौकामालकाच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, पर्ससीनचा (मोठ्या घेराच्या जाळ्याने मासेमारी) नियम काढून दाखवा. त्यांनी आधी 'बंदरे' उघडलं, मग 'गृह' (बोट पकडतात ते पोलीसच ना!), मग 'पर्यावरण', मग तीनदा 'मुख्य पान' दाबलं आणि फोन परत दिला. नियम साईटवर होता, ५ फेब्रुवारी २०१६ चा, पण तो 'कृषी, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय विकास व मत्स्यव्यवसाय' या नावाखाली आणि मोबाईलवर त्यातलं 'कृषी, पशुसंव…' एवढंच दिसत होतं. म्हैस आणि बांगडा एकाच खात्यात हे दर्यावर जाणाऱ्याने कशाला लक्षात ठेवायचं?

म्हणून पहिल्या पानावर कामं ठेवा: मासेमारी, घर बांधणं, आंबा-काजू बाग, होमस्टे, जमीन आणि कूळ, पाणी. सात-आठच्या वर जाऊ नका. एकच नियम दोन-तीन दरवाजांतून सापडला तर बिघडत नाही, वाळूचा नियम घरबांधणीतही येईल आणि खाडीतही. खातं, वर्ष, प्रकार हे बाजूला फिल्टर म्हणून ठेवा म्हणजे साहेबांचीही सोय झाली. आणि ही विभागणी तुम्ही ऑफिसात बसून ठरवू नका, पन्नासेक नियमांची नावं चिठ्ठ्यांवर लिहा, ग्रामसभेला आलेल्या आठ-दहा जणांना टेबलावर गट करायला सांगा, चहा पाजा. एवढ्यात जे कळतं ते कन्सल्टंट लाखभर घेऊन सांगतो (मी पण सांगतो, पण ते असो).

प्रश्न (मालवण): माझं किनाऱ्याजवळ घर आहे, त्यात होमस्टेसाठी दोन खोल्या वाढवायच्यात. सीआरझेड (किनारपट्टीवरच्या बांधकामांचे केंद्राचे नियम) शोधलं तर १९९१, २०११, २०१९ असे तीन नियम निघाले, तिन्ही पूर्ण, तिन्ही सारखेच दिसणारे. आता लागू कुठला ते कुठेच लिहिलेलं नाही. साईटवाले हे सरळ सांगू शकत नाहीत का?

ताई, सांगू शकतात आणि सांगायलाच हवं. माझ्या मते नियमांच्या साईटचं निम्मं काम हेच आहे. नियम उघडला की शीर्षकाखाली पहिली ओळ त्याची तब्येत सांगणारी पाहिजे: लागू आहे, बदललाय, की रद्द झालाय, आणि झाला असेल तर कशाने, त्याची लिंक. १९९१ ची अधिसूचना उघडणाऱ्याला वर ठळक पट्टी दिसली पाहिजे की हिच्या जागी २०११ ची आली आणि तिच्या जागी १८ जानेवारी २०१९ ची. जुनी काढून मात्र टाकू नका, कारण २००५ साली बांधलेल्या घराचा वाद आज कोर्टात असेल तर त्या वेळचाच नियम वाचावा लागतो.

तुमच्या प्रश्नात अजून एक गोम आहे. २०१९ मध्ये सीआरझेड तीनचे, म्हणजे ग्रामीण किनाऱ्याचे, दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर तीन-अ, तिथे ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटर, आणि त्याहून कमी वस्ती असेल तर तीन-ब, तिथे पूर्वीसारखाच २०० मीटर. पण नव्या अधिसूचनेप्रमाणे किनारा व्यवस्थापनाचे नकाशे मंजूर होईपर्यंत २०११ चेच नकाशे चालणार असं त्यातच लिहिलंय. म्हणजे नियम निघाला त्या दिवशी तो तुमच्या वाडीला तसाच्या तसा लागला असं नाही! म्हणून साईटवर 'निघाल्याची तारीख' आणि 'लागू झाल्याची तारीख' असे दोन वेगळे रकाने लागतात, आणि अशा ठिकाणी तिसरा, 'कुठे लागू' हा. एकच तारीख छापली की लोक ५० मीटर वाचून चिऱ्याची ऑर्डर देतात. तुम्ही मात्र साईटवर विसंबू नका, आपला गट नंबर मंजूर नकाशात कुठे पडतो ते आधी बघून घ्या.

चांगलं उदाहरण बघायचं तर ब्रिटनची लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके ही साईट बघा, तिथे 'आताचा मजकूर' आणि 'मूळ मंजूर झालेला मजकूर' असे दोन पर्याय कायद्याच्या बाजूलाच असतात आणि बदलांची टाईमलाईन उघडता येते. अमेरिकेच्या ईसीएफआर या केंद्रीय नियमांच्या साईटवर तर तारीख टाकायची, त्या दिवशी नियम काय होता तो समोर, आणि दोन तारखा ताडूनही बघता येतात. आपल्याला एवढं नाही जमलं तरी वरची पट्टी जमेल, त्याला पैसे लागत नाहीत, एक माणूस लागतो जो दर आठवड्याला नवीन आलेल्या जीआरने जुना कुठला मारला ते नोंदवेल. तो माणूस नेमत नाहीत तिथे सगळं अडतं.

प्रश्न (हर्णै): सर्चमध्ये 'किनाऱ्यापासून' टाकलं तर शून्य निकाल, पण पीडीएफ उघडली तर शब्द समोर दिसतोय. मी येडा की साईट?

साईट. याला तीन कारणं असतात. पहिलं म्हणजे पीडीएफ स्कॅन केलेली असेल, म्हणजे तो फोटो झाला, त्यात अक्षरं नाहीतच. दुसरं, जुन्या फाईली श्रीलिपी, कृतीदेव असल्या फाँटात टाईप केलेल्या, दिसायला मराठी पण आत भलतीच अक्षरं, कॉपी करून व्हॉट्सॲपला चिकटवा म्हणजे कळेल. तिसरं सगळ्यात गमतीचं आणि तुमच्या शब्दातच आहे. 'किनाऱ्या' मधला तो आडवा, झोपलेला र दोन तऱ्हेने टाईप होतो, एकात नुक्त्याचा ऱ वापरतात आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडणारा कोड. डोळ्याला दोन्ही सेम, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. 'अधिकाऱ्यांनी', 'शेतकऱ्याला', सगळ्यांची हीच गत, म्हणजे नियमांतला निम्मा मजकूर! सर्च बनवणाऱ्याने आधी दोन्ही एकसारखे करून घ्यायचे असतात, आणि मराठी आकडे-इंग्रजी आकडे पण.

त्यावर आपलं सामान्यरूप. 'विहीर' शोधणाऱ्याला 'विहिरीला' सापडत नाही, कारण दीर्घाचा ऱ्हस्व झाला. इंग्रजीसाठी बनवलेलं सर्च इंजिन तसंच्या तसं बसवलं की हे होणारच. शिवाय नावं बदलतात: १९८१ च्या आधीच्या आदेशात रायगड नाही, कुलाबा असतं, सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला झाला त्याआधी सगळं रत्नागिरीच, आणि पालघर १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाण्यात. 'मुंबई ग्रामपंचायत अधिनियम' चा आता 'महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम' झालाय. एक साधी जोड्यांची यादी सर्चला दिली की यातलं बरंच सुटतं, त्यातच लायसन-परवाना, होडी-नौका, मच्छिमार-मच्छीमार पण घाला.

प्रश्न (देवगड, निवृत्त शिक्षक): अक्षरं बारीक असतात. वर अ+, अ− अशी बटणं असतात, ती दाबली की ओळी स्क्रीनबाहेर जातात.

गुरुजी, मग ती बटणं शोभेचीच म्हणायची. वेब सुगम्यतेचा जागतिक नियम सांगतो की मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही हरवता कामा नये. मराठीत तर ओळींमधलं अंतर जरा सैलच ठेवावं लागतं, नाहीतर वरचा उकार खालच्या रफाराला जाऊन टेकतो. राखाडी कागदावर राखाडी अक्षर ही फॅशन पण नको. आणि पीडीएफ शिवाय साधं वेबपान द्याच, पंधरा एमबीचं स्कॅन डाऊनलोड करायला आमच्याकडे अजून सड्यावर चढून रेंज शोधावी लागते.

प्रश्न (चिपळूण, वकील): कूळकायद्याचं कलम पक्षकाराला पाठवायचं तर अख्ख्या कायद्याची लिंक जाते. प्रिंट काढली तर मेनूसकट येते. आणि मराठी पानावरून इंग्रजी दाबलं की थेट होमपेजवर.

तिन्ही तक्रारी मान्य. प्रत्येक कलमाला, जमलं तर पोटकलमालाही, स्वतःचा पत्ता पाहिजे आणि तो साईट नवी केली तरी बदलता कामा नये. इंडिया कोड या सरकारी कायद्यांच्या साईटवर निदान कलमं सुटी उघडतात, तेवढं तरी घ्या. भाषा बदलली की माणूस त्याच कलमावर राहिला पाहिजे, ३२-ग वर असेल तर इंग्रजीतल्या ३२-जी वरच (हा ग आणि जी चा घोळ सर्चलाही शिकवावा लागतो बरं का). मोठ्या स्क्रीनवर दोन्ही भाषा शेजारी-शेजारी बघायचा पर्याय दिला तर तुमच्यासारख्यांचे आशीर्वाद मिळतील, कारण शब्दावर अडलं की दोन्ही पाठ ताडून बघावेच लागतात. प्रिंटसाठी वेगळी मांडणी करायला डेव्हलपरला अर्धा दिवस पुरतो: मेनू गायब, वर कायद्याचं नाव आणि कलम, खाली पानाचा पत्ता आणि 'अमुक तारखेचा मजकूर'. ती खालची ओळ विसरू नका म्हणावं, नाहीतर दोन वर्षांनी फाईलमधून तोच कागद निघतो आणि तो कधीचा हे कुणालाच सांगता येत नाही.