भरीत पार्टी, बिनदिव्याची ट्रॉली आणि गप्प बसलेली विमा कंपनी

प्रश्न: वकील साहेब, 17 जानेवारीला रात्री आमचे मिस्टर फैजपूरकडच्या मित्राच्या शेतात भरीत पार्टीला गेले होते. येताना तापीच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यात केळीने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली उभी होती. तिला मागे ना दिवा, ना रेडियम. गाडी ट्रॉलीत घुसली. मिस्टरांचा उजवा हात मोडला. पोलिसांनी पंचनामा केला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवलं, क्लेम नंबरचा मेसेज आला. 21 तारखेला सर्व्हेअर जळगावच्या वर्कशॉपमध्ये येऊन फोटो काढून गेले. दुरुस्तीचा अंदाज 2 लाख 38 हजारांचा आहे. गाडी तीन वर्षं चार महिन्यांची आहे, आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) 4 लाख 60 हजार. त्यानंतर आज तीन महिने झाले, फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच ऐकायला मिळतं. वर्कशॉपवाले आता रोजचं पार्किंग भाडं मागतात. एजंट म्हणतो, "पार्टी शब्दामुळे अडलं आहे, पुतण्या गाडी चालवत होता असं लिहून द्या, लगेच सुटेल." ट्रॅक्टरवाला 15 हजार द्यायला तयार आहे, पण स्टॅम्पपेपरवर सही मागतो. आम्ही काय करावं? वकील लावावा लागेल का? (एक वाचक भगिनी, भुसावळ)

उत्तर: ताई, आधी एजंटचं बोलू, कारण कंपनीच्या गप्प बसण्यापेक्षा त्याचा सल्ला तुम्हाला जास्त महागात पडेल. पुतण्याचं नाव अजिबात लिहून देऊ नका. पंचनाम्यात चालक म्हणून तुमच्या मिस्टरांचं नाव असणार, दवाखान्याच्या केसपेपरवर त्यांच्याच मोडलेल्या हाताची नोंद आहे. अशा वेळी क्लेम फॉर्मवर दुसरा चालक दाखवला, तर आज कंपनीकडे नसलेलं कारण तुम्ही स्वतः तिच्या हातात द्याल. खोटी माहिती दिली एवढ्यावर चांगला क्लेम बुडतो. उद्या गरज पडली तर हा एजंट साक्षीला येणार नाही, हे मी वीसेक वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

"पार्टी" शब्दाची गंमत मात्र खरी आहे. आपल्याकडे भरीत पार्टी म्हणजे बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, लाकडी बडजीत ठेचलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी. दूरच्या शहरात बसून फाईल वाचणाऱ्याला हे कुठून ठाऊक? त्याच्या डोळ्यांसमोर बाटल्याच येणार. दारू पिऊन गाडी चालवली तर पॉलिसीचं संरक्षण जातं, हे खरं. पण दारू प्यायली होती हे कंपनीने सिद्ध करायचं असतं, नव्हती प्यायली हे तुम्ही नव्हे. त्या रात्रीच्या केसपेपरची प्रत दवाखान्यातून घ्या. तपासणीत दारूचा वास वा अंमल नसल्याचं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर तो कागद सोन्याचा. आणि जबाबात "पार्टी" न लिहिता "मित्राच्या शेतातल्या जेवणाहून परतताना" असं लिहा. त्यात खोटं काही नाही.

आता कंपनीकडे वळू. पॉलिसी काढून पहिलं पान बघा. ती फक्त थर्ड पार्टी असेल, तर तुमच्या गाडीचा खर्च कंपनीकडून मिळणारच नाही आणि पुढचं सगळं व्यर्थ. पण सर्व्हेअर येऊन गेला आहे, म्हणजे पॉलिसी पॅकेज, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी, असावी. तसं असेल तर चूक ट्रॉलीवाल्याची की तुमच्या मिस्टरांची हा प्रश्न तुमच्या गाडीच्या क्लेममध्ये येत नाही. मागून धडकलात म्हणून पैसे मिळणार नाहीत, असं वर्कशॉपमधलं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

कंपनीवर वेळेचं बंधन आहे. विमा नियामक आयआरडीएआयने जून 2024 मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दावा कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा अहवाल 15 दिवसांत घ्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत निर्णय द्यायचा. म्हणजे तुमच्या बाबतीत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत "हो" किंवा "नाही" यायला हवं होतं. आता एप्रिल आहे.

मग तीन महिने तुम्ही काय केलंत? फोन. आणि हीच आपल्याकडची खोड आहे. फोनवरची मुलगी गोड बोलते, "मॅडम, दोन दिवसांत कॉल येईल" म्हणते, आपण समाधानाने फोन ठेवतो. त्या चाळीस फोनांचा कागदावर मागमूस नसतो. पुढे वाद झाला की कंपनी म्हणते, विमाधारकाने कागदपत्रं दिली नाहीत, पाठपुरावा केला नाही. तुमच्याकडे उत्तर काय? कंपनीचं गप्प बसणं तुमच्या बाजूचा पुरावा होऊ शकतं, पण त्यासाठी आधी तुम्ही लेखी विचारलेलं असावं लागतं.

म्हणून या आठवड्यात एक पत्र लिहा. इंग्रजीत हवं असं काही नाही, साधं मराठी चालतं. पॉलिसी नंबर, क्लेम नंबर, अपघाताची तारीख आणि कळवल्याची तारीख टाका, मग थेट तीन गोष्टी मागा. सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत. कोणती कागदपत्रं बाकी आहेत त्याची यादी. आणि क्लेमवरचा लेखी निर्णय, नाकारायचा असेल तर कारणासह. शेवटी असं लिहा: "आपला निर्णय 15 दिवसांत न मिळाल्यास मी गाडी स्वखर्चाने दुरुस्त करून घेईन, बदललेले सुटे भाग आपल्या तपासणीसाठी ठेवीन आणि खर्च, व्याज व पार्किंग भाडं यांची मागणी आपल्याकडे करीन." पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने काढा, त्याचा पत्ता पॉलिसीवर असतो. ई-मेल करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा. पोहोच पावती क्लेमच्या फाईलला लावा.

पत्रातलं ते शेवटचं वाक्य पार्किंग भाड्यासाठी आहे. पॉलिसीत हे भाडं सहसा बसत नाही. पण कंपनीच्या दिरंगाईमुळे ते वाढलं असं दाखवता आलं, तर ग्राहक आयोगात नुकसानभरपाई म्हणून मागता येतं. वर्कशॉपलाही दोन ओळी लिहा की विमा कंपनीच्या निर्णयासाठी गाडी थांबली आहे, भाड्याचा हिशोब तारखेनिशी द्या. दुरुस्ती खरोखर स्वतः करून घ्यायची वेळ आली, तर आधी फोटो काढा, बिलं जीएसटीची घ्या, पैसे बँकेतून द्या आणि जुना बोनेट-बंपर भंगारवाल्याला देऊ नका. कंपनीचा माणूस ते बघायला मागतो.

2 लाख 38 हजारांची पूर्ण रक्कम येईल, अशी आशा मात्र धरू नका. गाडी तीन वर्षं चार महिन्यांची आहे असं तुम्ही लिहिलं आहे. प्रचलित पॉलिसीत या वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 25 टक्के घसारा, म्हणजे भाग जुने झाल्याची कपात, कापतात, रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के. काचेवर कपात नाही. वर 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये आणि त्यावरच्या गाडीला 2000 रुपये स्वतःचे भरावे लागतात. झिरो डेप्रिसिएशनचा जादा हप्ता भरला असेल तर घसाऱ्याची बरीच कपात टळते. दुसरं, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला तरच गाडी पूर्ण नुकसान धरतात. तुमची आयडीव्ही 4 लाख 60 हजार म्हणता, म्हणजे ती रेषा 3 लाख 45 हजारांवर येते. तुमची गाडी त्याच्या बरीच खाली आहे, तेव्हा "टोटल लॉस"ची भाषा कुणी केली तर हिशोब मागा. आणि सर्व्हेअरने कमी आकडा लावला म्हणजे तो देवाचा शब्द नाही. 2009 साली प्रदीप कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की सर्व्हेअरचा अहवाल शेवटचा शब्द नसतो, योग्य कारण असेल तर त्यापासून बाजूला जाता येतं.

पत्राला दोन आठवडे होऊनही उत्तर आलं नाही, तर आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, किंवा 155255 वर फोन करा. इथे फोन चालेल, कारण तक्रार क्रमांक मिळतो. बऱ्याचदा एवढ्यानेच कंपनीला जाग येते.

नाहीच आली, तर दोन दारं आहेत. एक विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी. आपल्या जिल्ह्याचं काम पुण्याच्या कार्यालयाकडे आहे. 50 लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी फी नाही, आणि लोकपालाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. अट एवढीच की आधी कंपनीला लेखी दिलेलं हवं आणि महिनाभर उत्तर आलेलं नसावं. इथेही ते पत्रच लागलं बघा. त्यानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करायची.

दुसरं दार जळगावचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षांची. मानसिक त्रास आणि पार्किंग भाडं मागायचं असेल तर हेच दार बरं, पण तारखा पडतात. एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ नका. आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. तुमच्या रकमेसाठी मी आधी लोकपालाकडे जायला सांगेन.

ट्रॅक्टरवाल्याच्या 15 हजारांवर सही करू नका. कंपनीने तुम्हाला पैसे दिले की ट्रॅक्टरमालकाकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून ते वसूल करण्याचा हक्क तिला मिळतो. तुम्ही आधीच "आमचं काही देणं-घेणं नाही" असं लिहून दिलं तर त्या हक्काला धक्का बसतो, आणि कंपनी ते कारण पुढे करते. शिवाय तुमच्या मिस्टरांच्या हाताची भरपाई वेगळीच आहे. मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करायला 1 एप्रिल 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे तुमच्यासाठी 17 जुलैच्या आत. तिथे मात्र चूक कुणाची हे बघतात, म्हणून ट्रॉलीला मागे दिवा नव्हता हे पंचनाम्यात आलं आहे का, ते प्रत मिळवून आजच वाचा. नसेल तर मिस्टरांचा जबाब आणि घटनास्थळाचे फोटो पोलिसांकडे लेखी द्या.

वकील लावावा का, असं तुम्ही विचारलं आहे. पत्रासाठी आणि लोकपालासाठी नको, लोकपालाकडे तक्रार स्वतःच करायची असते. ग्राहक आयोगातही तुम्ही स्वतः उभ्या राहू शकता. मोडलेल्या हाताच्या दाव्यासाठी मात्र वकील घ्या, आणि कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीपर्यंत थांबू नका. येताना केसपेपर, एक्स-रे, बिलं आणि मिस्टरांच्या उत्पन्नाचा काही कागद बरोबर आणा.